आचाऱ्याची खुर्ची

आमच्या फादरांना जीप चालवता येत नव्हती आणि तरी ते रोज चालवायचे. नारायणगाव ते आळेफाटा या रस्त्याला त्यांना ओळखत नाही असा माणूस तेव्हा नव्हता. लांबून पांढरा झगा आणि जाड भिंगाचा चष्मा दिसला की लोक आपली म्हैस आधी बाजूला घ्यायचे, मग रामराम करायचे.

मी त्यांच्याकडे आचारी होतो. कॉलेजच्या पोरांचं वसतिगृह होतं ते, कॅथलिक फादरलोकांनी चालवलेलं, हायवेपासून आत, द्राक्षाच्या बागांच्या मागं. पोरं बहुतेक आपल्याच डोंगरातली, तळेघरच्या बाजूची. तिकडं एसटीचा भरवसा नाही, रोज कॉलेजला यायचं म्हटलं तर निम्मा जन्म चालण्यात जायचा, म्हणून इथं राहायची. थोडी ख्रिश्चन पोरं संगमनेरकडची. फादर स्वतः वसईचे. मी इथलाच. शिक्षण दुसरी. तिसरीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. मास्तर शाळेत राहिले, मी निघून आलो. पण पंचक्रोशीत लग्न असलं की मासवडीला मलाच बोलवायचे, हे मास्तरांच्या पोरीच्या लग्नातसुद्धा झालं. असो.

फादरांचे नियम फार नव्हते. सकाळी घंटा, संध्याकाळी प्रार्थना, ज्याला यायचं त्यानं यावं. रविवारी ख्रिश्चन पोरांची मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चची प्रार्थना, तेव्हा बाकीच्या पोरांनी अंगण झाडायचं. पण जेवणाचा एक नियम असा होता की त्यानं मला म्हातारं केलं. जेवणाची घंटा झाली की आवारात जो कुणी असेल तो टेबलाला बसणार, आणि सगळे बसल्याशिवाय कुणी घास घेणार नाही.

"मामा, घास एकट्याचा नसतो," फादर म्हणायचे. पोरं मला मामा म्हणायची म्हणून तेही मामा म्हणायचे.

"नसंल फादर," मी म्हणायचो, "पन भाकरी गरमच असती का न्हाई?"

एकदा लाईट गेली होती आणि वायरमन आवारातल्या खांबावर चढलेला. घंटा झाली. फादरांना चपला मोजायची सवय होती, दारातल्या चपला बघून ते कोण आलं कोण राहिलं ओळखायचे. म्हणाले, "वायरमन बाहेर आहेत." आम्ही सगळे थांबलो. वायरमन बिचारा वर तारांशी झटतोय, त्याला काय ठाऊक आपल्यासाठी एवढी पोरं ताटावर हात बांधून बसलीत. तो खाली उतरला, हात धुतले, बसला. त्या दिवशी लाईट आली, पण माझ्या भाताचा दगड झाला.

दुसऱ्या एका वेळी आळेफाट्याहून येताना त्यांनी एका मेंढरंवाल्याला जीपमध्ये घेतलं. त्याची एक मेंढी लंगडत होती म्हणून तीही घेतली. पाहुणा जेवायला बसला, मेंढी खुर्चीच्या पायाला बांधलेली. फादरांनी प्रार्थनेला हात जोडले आणि परत सोडले.

"ही उभी आहे," ते म्हणाले.

आता हे चेष्टा करतात का खरं बोलतात, ते त्यांच्या तोंडावरून कधी कळायचं नाही, चष्म्यामुळं. कुणी विचारायचंही नाही. दोन पोरं उठली आणि मेंढीला बसवायला लागली. पुढून बसवली की मागून उठायची. शेवटी मेंढरंवाला वैतागून म्हणाला, "फादर, तिचं जेवान झालंय, तुमी खा." तेव्हा फादरांनी मान डोलावली आणि आम्हाला जेवायला मिळालं.

सणवार तर विचारू नका. नाताळात पोरांना गोठा करायला सांगितला, बाळ येशूचा. तळेघरच्या पोरांनी आयुष्यात गोठा सजवला नव्हता. दिवाळीचा किल्ला मात्र दरसाल केलेला. त्यांनी शिवनेरी केला. बुरूज, दरवाजा, हळीव पेरलेलं, सगळं. बाळ येशू वर बालेकिल्ल्यावर, आणि खाली तोफा आणि भाले घेतलेले मावळे. संगमनेरची पोरं चिडली, म्हणाली हे चालत नाही. फादर किल्ल्यापुढं उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्या वेळी एवढे मावळे असते, तर आईबापांना त्या बाळाला घेऊन राजाच्या भीतीनं मिसर देशात पळायला लागलं नसतं." किल्ला राहिला. पुढं दरसाल राहिला.

ईस्टरच्या आधी एका गुरुवारी त्यांच्यात पाय धुवायची रीत आहे. फादर कमरेला पंचा बांधून खाली बसणार आणि पोरांचे पाय धुणार. आता आपल्याकडचं पोरगं, त्याच्या पायाला एवढा मोठा माणूस हात लावतोय म्हटल्यावर ते गप बसेल का? फादर खाली वाकले की पोरगं त्यांच्या पाया पडायला वाकायचं. टाळकी आपटायची. पुढचा पोरगा पाय वरच घेऊन बसायचा. त्यापुढचा बाकावरून उडी मारून पळाला आणि फादर तांब्या घेऊन त्याच्या मागं. मलाही म्हणाले, "मामा, या." मी म्हणालो, "माझं पाय माझ्यापाशी हायती, मी धुतो." त्यावर ते हसले, पण विसरले नाहीत. कारण आमचं खरं भांडण त्यातलंच होतं. ते पायांचं नव्हतं, खुर्चीचं होतं.

फादरांचं म्हणणं, सगळे म्हणजे सगळे, आचारीसुद्धा. त्यानंही टेबलाला बसायचं. माझं म्हणणं, वाढणारा शेवटी. माझा बाप गावजेवणाला आचारी होता. शेवटची पंगत उठल्याशिवाय त्यानं कधी तोंडात पाणी घातलं नाही, आणि कुणी त्याला आधी बसवायचा विचारही केला नाही. लोक जेवत असताना वाढणारा बसला, तर त्या जेवणाला वाली कोण? फादर म्हणाले, "मामा, तुम्ही आमच्यातले नाही का?" मी म्हणालो, "हाये. म्हनूनच उभा हाये."

मग त्यांनी डोकं लढवलं. टेबलाच्या टोकाला, आपल्या समोर, एक खुर्ची ठेवली. ही मामांची. जेवणाच्या आधी रोज माझ्याकडं बघायचे, मी स्वयंपाकघराच्या दारात भाकरीची टोपली घेऊन उभा. "मामा, बसताय?" मी म्हणायचो, "न्हाई." मग ते त्या रिकाम्या खुर्चीकडं वळून हसून सांगायचे, "येतायत. वाटेत आहेत." म्हणजे नियमही मोडला नाही आणि माझंही राहिलं. स्वयंपाकघराचं दार ते टेबल, म्हैस आडवी बसली तर संपेल एवढी वाट. त्या वाटेत मी कैक वर्षं होतो. पुढं पुढं आम्ही दोघंही कंटाळलो. माझं दारात येणं बंद झालं, त्यांचं विचारणं नुसत्या नजरेवर आलं, मी आतून नुसती मान हलवायचो, आणि ते खुर्चीकडं बघून म्हणायचे, "येतायत. वाटेत आहेत." मग प्रार्थना, मग जेवण.

पोरं येतात जातात. जुनी गेली, नवी आली. एका वर्षी मी बघतो तर खुर्चीवर झेंडूचं फूल. मग दोन. मग हार. परीक्षेच्या दिवसांत तर खुर्चीपुढं उदबत्ती, नारळ, कुणाच्या शेतातले पहिले टोमॅटो. पाठीला खडूनं क्रूस काढलेला, त्याखाली हळदकुंकू.

फादरांना चष्म्यातूनही टेबलाच्या त्या टोकाचं धुरकटच दिसायचं. पण हार त्यांना दिसला. स्वयंपाकघरात येऊन उपड्या डब्यावर बसून म्हणाले, "बघा मामा, पोरं तुमच्यावर किती जीव टाकतात. आणि तुम्ही बसत नाही."

मी पातेलं घासत राहिलो. पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एवढी वर्षं भाकऱ्या थापल्या, कुणाला तरी कदर आहे. नारळाची मी चटणी करायचो आणि त्याच पोरांना वाढायचो.

आणि मग पुण्याहून मोठे फादर येणार असा निरोप आला. मोठे फादर म्हणजे आमच्या फादरांचे वरचे. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की या वसतिगृहात बाळ येशू किल्ल्यावर बसतो आणि पोरं लाकडाची पूजा करतात. हे मला तेव्हा कोण सांगणार? पण फादर आदल्या दिवशी परत त्या डब्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मामा, मला इथून हलवतील असं दिसतंय."

"कुटं?"

"पाठवतील तिकडं. शहरात कुठं कचेरीत. म्हणतात माझ्यानं आता पोरं आवरत नाहीत."

"मग तुमी काय म्हनला?"

"मी काय म्हणणार? आमच्यात सांगितलं की जायचं असतं." चष्मा काढून झग्याला पुसत राहिले. चष्म्याशिवायचं त्यांचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं. लहान पोरासारखं होतं. "मासवडी करा उद्या," एवढं म्हणून गेले.

मी मासवडी केली. बेसन असं घोटलं की हाताला गोळे आले. तीळ, खोबरं, लसूण, कशात कसर नाही. मला वाटलं, पोटभर जेवलं की माणसाचं मन जरा सैल पडतं, मोठ्या फादरांचंही पडेल.

रविवारची मिस्सा झाली, दुपारच्या जेवणाची घंटा झाली. मोठे फादर वाळकुडे होते, साखरेचा आजार असलेले, घड्याळाकडं बघणारे. टेबलाला बसले आणि समोर बघतात तर खुर्ची. त्या दिवशी पोरांनी पाहुणे येणार म्हणून जास्तच सजवलेली. दोन हार, नारळ, उदबत्ती, आणि बसायच्या जागेवर परीक्षेची हॉल तिकिटं एकावर एक रचलेली.

"ही खुर्ची कुणाची?" मोठे फादर म्हणाले.

"आमच्या आचारीमामांची," आमचे फादर अभिमानानं म्हणाले.

"देवाची, फादर," दत्ता म्हणाला. हा तळेघरचा, पहिल्या वर्षाचा, विचारलं की उभं राहून उत्तर देणारा. दोघं एकदमच बोलले.

मी टोपली घेऊन दारात होतो. माझे कान तापले.

"कुठल्या देवाची?" मोठे फादर म्हणाले.

दत्तानं शेजारच्या सायमनकडं बघितलं. सायमन संगमनेरचा, चर्चमध्ये बाजा वाजवणारा. तोही उभा राहिला. "जो परत येणार आहे ना फादर, येशू, त्याची. आमचे फादर रोज जेवायच्या आधी सांगतात. खुर्चीकडं बघून. येतायत, वाटेत आहेत."

"तिला नमस्कार केला की इंग्लिश निघतं," दत्ता म्हणाला. "दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी सांगितलंय."

"माझं नाय निघालं," सायमन म्हणाला.

"तू खडूनं क्रूस काढतूस, फूल कुटं वाहतूस?"

"बसा खाली," मोठे फादर म्हणाले. मग आमच्या फादरांकडं वळले. "तुम्ही मुलांना सांगितलंत की वाटेत आहेत?"

"मामा वाटेत आहेत, असं," आमचे फादर म्हणाले. त्यांचा आवाज पार खाली गेला होता.

"कुठल्या वाटेत?"

फादरांनी स्वयंपाकघराचं दार दाखवलं. मोठ्या फादरांनी दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मधल्या फरशीकडं बघितलं.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

मग मला म्हणाले, "तुम्ही या खुर्चीवर बसता?"

"न्हाई."

"कधी बसला होतात?"

"न्हाई."

"मग ही तुमची कशी?"

"फादरनी ठिवली, म्हनून माझी. मी मागितली न्हवती."

मोठ्या फादरांनी ओठ आवळले. "फादर, हे मला काही बरं दिसत नाही. जेवून घेऊ, मग तुमच्याशी बोलायचं आहे."

काय बोलायचं ते सगळ्यांना कळलं. दत्ताचं तोंड उतरलं. आता प्रार्थना व्हायची, पण त्याआधी फादरांचं ते वाक्य व्हायला पाहिजे होतं आणि ते तर आता म्हणता येत नव्हतं. फादर उभे राहिले, काही बोलले नाहीत, खुर्चीकडंही बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नजरेनंसुद्धा विचारलं नाही, मामा बसताय का.

विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. पण न विचारता उभा राहिलेला माणूस बघवत नाही. शिवाय मला त्या खुर्चीचा रागही आला होता. वर्षभर मी समजत होतो हार माझा आहे.

मी टोपली टेबलावर ठेवली. हार काढून दत्ताच्या गळ्यात घातले. नारळ सायमनच्या ताटात ठेवला. हॉल तिकिटं उचलून खिडकीत टाकली, खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची झटकली आणि बसलो.

पोरं सवयीनं उठली आणि सगळ्यांनी मला हात जोडले.

"बसा रे," मी म्हणालो. "मी मामा हाये."

"मामा हायेत," दत्ता बाकीच्यांना म्हणाला, जसं काही त्यालाच खात्री करून घ्यायची होती.

फादरांनी चष्मा दोनदा पुसला आणि प्रार्थना म्हटली. शेवटचं आमेन झालं. सगळे ताटाकडं बघत बसले. ताटं रिकामी होती. रस्सा आत चुलीवर, मासवडी आत ताटलीत, भात आत पातेल्यात.

"वाढा की," मोठे फादर म्हणाले.

"कोन वाढनार?" मी म्हणालो. "मी बसलोय."

आमचे फादर लगबगीनं उठले. "मी वाढतो."

"फादर," सायमन म्हणाला, "तुम्ही उभे आहात. सगळे बसल्याशिवाय घास नाही."

फादर बसले. दत्ता उठला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. दत्ता बसला. मी हाताची घडी घालून मागं टेकलो. ती खुर्ची चांगली होती, हे मला तेव्हा कळलं. आतून रश्श्याचा वास येत होता आणि कुणाला हलता येत नव्हतं. फादर माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्याकडं. त्यांना दिसत होतं की माझ्या बापाचं खरं होतं, आणि मलाही दिसत होतं की मी बसलोय, म्हणजे त्यांचंही झालंच होतं.

मोठ्या फादरांनी घड्याळ बघितलं, साखरेच्या माणसाला वेळेवर खावं लागतं. "हा काय पोरखेळ आहे," ते म्हणाले आणि ताडकन उठून आत गेले. आत भांडी वाजली. डाव कुठं असतो ते त्यांना सापडेना. मी बसल्या जागेवरून सांगितलं, "खिळ्याला. डाव्या अंगाला." परत भांडी वाजली. बाहेर आले ते पातेलं दोन्ही हातांत, आणि पांढऱ्या झग्यावर छातीपासून खाली रश्श्याची तर्री.

"मोठे फादर उभे आहेत," सायमन हळूच म्हणाला.

मोठे फादर थांबले. त्यांनी झग्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं, मग आमच्या फादरांकडं. "मी वाटेत आहे," ते म्हणाले. "असं समजा आणि खा."

आधी कुणी हसलं नाही. मग फादर हसले. मग काय विचारता. दत्ताच्या गळ्यातला हार तुटून रश्श्यात पडला. मोठे फादर एकेकाच्या ताटात वाढत सुटले, निम्मं ताटात, निम्मं टेबलावर. मला भाकरी वाढली. मी मोडून खाल्ली आणि सांगितलं, "गार हाये." ते म्हणाले, "असू दे." मला काही ते पटलं नाही, पण पाहुण्याशी वाद घालत नाहीत.

सगळ्यांचं उरकल्यावर मोठे फादर स्वयंपाकघरात गेले. मी मग उठलो आणि त्यांना चुलीपाशी पाट दिला. गरम भाकरी टाकली तव्यावर. ते मासवडी खात गेले आणि मी वाढत गेलो. आमचे फादर डब्यावर बसलेले.

मग हात धुता धुता मोठ्या फादरांनी मला विचारलं, "आता रोज बसणार का तुम्ही?"

"न्हाई."

"आज बसलात की."

"आज बसलो. रोज न्हाई."

ते आमच्या फादरांकडं वळले. फादर डब्यावरून उठले आणि झग्याचं बटण लावत म्हणाले, "माझं इथलं एक काम राहिलंय. यांना रोज बसवायचं राहिलंय."

मोठे फादर माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं मी कसला माणूस आहे याचा अंदाज घेत होते. तो त्यांना आला असावा. झग्यावरची तर्री नखानं खरवडत म्हणाले, "ठीक आहे. हे बसेपर्यंत थांबा तुम्ही." आणि जीपमध्ये न बसता, एसटी पकडतो म्हणाले आणि फाट्याकडं चालत गेले. आमच्या फादरांची जीप त्यांनी येताना बघितली होती.

त्यानंतर मी त्या खुर्चीवर परत कधी बसलो नाही. लोक म्हणाले, म्हातारा हट्टी आहे. म्हणू देत. फादर रोज जेवायच्या आधी मला विचारायचे, नियमच होता त्यांचा. पण आता विचारताना आवाज एवढा बारीक काढायचे की चुलीपाशी मला ऐकूच यायचं नाही.